हात पुरत नाही तिथे

पुस्तकं बांधणारा बाइंडर शर्ट काढून दवाखान्यातल्या स्टुलावर पाठमोरा बसला. नर्सने "बरं झालं" एवढं म्हटलं की सगळं संपलं. मग उद्या इथे यायला कारण उरणार नव्हतं.

दोन्ही खांद्यांच्या मधोमध चट्टा उठला होता. आग व्हायची, खाज सुटायची. डॉक्टरांनी स्टिरॉइडचं एक मलम लिहून दिलं. फारसं कुणाला ठाऊक नसलेलं, नाव घेताना बोबडी वळावी असं. घरी कुणी लावून देणारं असेल तर घरीच लावा, म्हणाले. बाइंडरची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून तो रोज दवाखान्यात यायचा. दिवसभरात त्याला दुसरं कुणी शिवत नसे. नर्सची बोटं पाठीवर फिरायची तेवढा वेळ त्याला बरं वाटायचं.

चट्टा केव्हाच गेला होता. त्याला ते पक्कं माहीत होतं. म्हणून घरून निघण्यापूर्वी तो खळ लावायच्या जुन्या ब्रशाने पाठ खसाखसा घासायचा. खाजवून खरूज काढणं म्हणतात, ते हा गृहस्थ अक्षरशः करत होता.

"अजून लाल आहे," नर्स म्हणाली.

बाइंडरचा जीव भांड्यात पडला. तरी त्याने विचारलंच, "जास्त दिवस लावलं की कातडी पातळ होते म्हणतात?"

"ते मी बघते, काका. तुम्ही हलू नका."

"तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"मी असते," ती म्हणाली. बोटं फिरत राहिली.

"आणि मलम संपलं तर?"

"संपेल तेव्हा बघू. उद्या या."

पण त्याला चैन पडेना. मलम संपलं तर येणंही संपेल. एखादी ट्यूब आपल्याजवळ असलेली बरी, म्हणून तो खालच्या केमिस्टकडे गेला आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

केमिस्टने चष्मा कपाळावर सरकवला.

"हे कुणीच नेत नाही हो. एकाच पेशंटसाठी मागवलं होतं. वरच्या नर्सबाई उरलेल्या ट्यूबा मागेच परत देऊन गेल्या. पेशंट पूर्ण बरा झाला म्हणाल्या. तेव्हापासून त्या आपल्या पदरच्या पैशाने साधं कोल्ड क्रीम तेवढं नेतात."