खुणेचा शंख

कॅरोल वादळातून जेमतेम जीव घेऊन परतलेल्या हरिलालने ठरवलं, यापुढे मासेमारीच्या पिरोगीत, त्या छोट्या होडीत, मदत मागायची काहीतरी सोय हवीच. त्याने देवघरातला शंख उचलला.

"अहो, त्यापेक्षा पोर्ट लुईसहून टॉर्च आणा," अनुसया म्हणाली. "शंख ऐकून गाव आरतीच समजेल."

"टॉर्च भिजला की संपलं. आणि गावाला नाही कळलं, तरी तुला कळेल ना?"

महिन्याभराने, ऐन दिवेलागणीला, खडकांपलीकडून शंख ऐकू आला. लोकांनी उभ्या जागी हात जोडले.

नवऱ्याचं नाव कधी तोंडाने न घेणारी अनुसया ओरडत किनाऱ्याकडे धावत सुटली, "हात काय जोडताय? पिरोगी काढा! आरती नाही ती, माझा हरिलाल आहे!"