जावयाचा डास

घरामागच्या दलदलीतून निनादराव रिकाम्या हातांनी परतले, तेव्हा कुमुदताईंनी जावयापुढे चहा ठेवला. लेकीकडे स्कॉटलंडला आल्यापासून त्यांना एकच कोडं पडलं होतं. जावई किडे शोधतो, हे गावात सांगायचं कसं?

"संपलं, आई," निनादराव म्हणाले. "हा किडा फक्त सप्टेंबरात उडतो. तो इथे राहतो हे सिद्ध करायला एक तरी हाती लागायला हवा होता."

"दिसतो कसा?"

"डासाच्या चौपट. काटक्यांसारखे पाय, पंखांवर तपकिरी ठिपके. चावत मात्र नाही बिचारा."

कुमुदताईंनी केराच्या डब्याकडे पाहिलं. सकाळी बाथरूमच्या खिडकीतला राक्षसी डास त्यांनी चपलेच्या एका फटक्यात आडवा केला होता.

"निनादराव, तो जिवंतच हवा का हो?"

"छे, मेलेलाही चालेल."

"मग थांबा." त्यांनी केराच्या डब्यातली कागदाची पुडी आणून उलगडली. निनादरावांनी खिशातून चिमटा काढला, भिंग लावलं आणि हसतच सुटले.

"तोच आहे, आई. फक्त एक पाय कमी आहे."

"चपलेला असेल," कुमुदताई उठत म्हणाल्या. "आणते."