मुलीचं बोट

बायको गेल्याचा फोन हॉस्पिटलमधून आला, तेव्हा मी मुलीला भरवत होतो. दीड वर्षाची झाली तरी ती बोलत नव्हती, साधं बोटही दाखवत नव्हती. मी फोन ठेवला आणि तिने पहिल्यांदाच बोट दाखवलं, पंख्याकडे.

स्पीच थेरपिस्ट बाईंना फार बरं वाटलं. "मूल बोट दाखवतं आणि मग आपल्या तोंडाकडे बघतं. म्हणजे ते विचारतं, हे काय? तुम्ही लगेच नाव सांगायचं. उत्तरं मिळत गेली की बोलणं येतं."

पण मुलगी माझ्या तोंडाकडे बघत नाही. माझ्या डावीकडे, खांद्याच्या उंचीवर बघते. तिथे कोणी नसतं. बायको माझ्या खांद्यापर्यंत यायची.

"बापाचं तोंड बघण्यासारखं नाही, हे पोरीलाही कळतं," माझी बहीण हसली. "दादा, तूच जरा तिकडे सरक बघू."

मी सरकलो. मुलीची नजरही सरकली, पुन्हा माझ्या डावीकडे. बहिणीचं हसू थांबलं.

मी "पंखा" म्हणायच्या आत मुलीला उत्तर मिळालेलं असतं. ती ऐकते, मान हलवते आणि दुसऱ्या वस्तूकडे बोट करते. आता ती पंखा, खिडकी, कप नीट म्हणते. मी यातलं काहीच शिकवलेलं नाही.

काल तिने बोट माझ्याकडे केलं आणि माझ्या डावीकडे पाहिलं. या वेळी ती बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्यापासून मागे सरकत सरकत भिंतीला टेकली.

तिने मला अजून बाबा म्हटलेलं नाही.