जिवंत आमिष

नववा मासा पोट वर करून तरंगला, तेव्हा म्हाताऱ्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"पंप बघ," तो मुलाला म्हणाला.

पंप चालू होता. हवेची नळी कुठे दुमडलेली नव्हती. तळाशी बुडबुडे नेहमीसारखे खदखदत होते. तरीही मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. एरवी एका दिशेने गोल फिरणारा बोटभर माशांचा चंदेरी थवा आज विस्कटून काचेवर आपटत होता.

दुकान धक्क्याला लागून होतं. मोठ्या माशांसाठी गळाला लावायचे जिवंत मासे इथूनच जायचे. म्हाताऱ्याच्या टाकीतला मासा बोटीवरही चार दिवस तरतरीत राहतो, असा तीस वर्षांचा लौकिक होता. आज दहा वाजता बोट सुटणार होती. सोबत चारशे मासे, आणि ते सांभाळायला मुलगा.

मुलगा वर्षाने समुद्रावर निघाला होता. मागच्या खेपेला लाटेने त्याला बोटीवरून उचललं आणि आठ तास तो एका रिकाम्या पिंपाला धरून तरंगत राहिला. परत आल्यावर महिनाभर बोलला नाही. मग एके दिवशी धक्क्यावर हसून म्हणाला, "समुद्राने चाखलं आणि थुंकून टाकलं मला." तेव्हापासून कुणी विचारलं की हेच उत्तर.

काल जेवताना सुनेने विषय काढला होता. तिला सातवा महिना होता. "हीच खेप कशाला? वारा वाढणार म्हणतात."

"वाऱ्याला घाबरून घरात बसू? लोक तोंडात शेण घालतील," असं म्हणून मुलाने भाजी वाढून घेतली होती. ती मात्र तशीच ताटावरून उठली.

आता तिघेही टाकीभोवती होते.

"हात आधी ओले कर," म्हातारा सुनेला म्हणाला. "कोरड्या हाताने खवलं निघतात." ती वाकून मेलेले मासे बादलीत टाकत होती. मुलगा खांद्यापर्यंत हात घालून नळीने तळाची घाण ओढत होता. त्याचा सदरा चिंब झाला होता.

"सगळंच पाणी बदलू का?" त्याने विचारलं.

"एकदम नको. धसक्यानेच मरतील. तिसरा हिस्सा बदल."

तिसरा हिस्सा बदलला. बर्फाच्या बंद बाटल्या सोडल्या. उजेड नको म्हणून गोणपाट टाकलं. काही उपयोग झाला नाही. साडेआठपर्यंत निम्मे मासे गेले.

म्हाताऱ्याने गोणपाट उचललं आणि नाक पाण्याला टेकेल इतका खाली वाकला. बुडबुडे वर येत होते, पण फुटत नव्हते. काचेच्या कडेला दाटीवाटीने साचून राहिले होते. त्यांना लिंबाचा वास होता. घरात भांडी घासायच्या साबणाचा.

त्याने मान वर केली. सून त्याच्याकडेच बघत होती. नजरानजर होताच तिने बादली उचलली आणि पाठ फिरवली.

म्हाताऱ्याने तळहाताने तो फेस पुसला आणि हात धोतराला कोरडा केला.

"उरलेले ताज्या पाण्याच्या पिंपात हलवा," एवढंच तो म्हणाला.

साडेनऊला तांडेल आला. बोट त्याची, खलाशी त्याचे. त्याने पिंपात डोकावून पाहिलं.

"किती आहेत हे?"

"साठ," मुलगा म्हणाला. "साठ तर साठ. मी येतो. जपून वापरू."

"साठ पहिल्या दिवशी संपतील. मी गोठवलेलं आमिष घेऊन निघतो. मेलेल्या माशांना राखणदार कशाला हवा?" तांडेल म्हाताऱ्याकडे वळला. "काका, तुमच्या टाकीत असं कधी झालं नाही. पाण्यात कुणी काही घातलं का?"

मुलगा फरशीकडे बघत होता. सुनेने हातातली बादली खाली ठेवली.

"मीच," म्हातारा म्हणाला. "काल काच पुसली. साबणाचा फडका कुठला आणि कोरा कुठला, कळलं नाही. डोळे गेले माझे."

तांडेलने त्याच्याकडे पाहिलं. रागापेक्षा त्या नजरेतली कीव म्हाताऱ्याला जास्त लागली.

"आता टाकीला हात लावत जाऊ नका, काका," तो हळू आवाजात म्हणाला आणि निघून गेला.

दुपारपर्यंत ही बातमी धक्काभर होणार, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. तीस वर्षं कमावलेलं एका वाक्यात धुऊन गेलं होतं. बोटीचा भोंगा वाजला तसा मुलगा रिकामी बादली लाथेने उडवून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

म्हातारा आणि सून टाकी रिकामी करायला लागले.

"पोरी," तो म्हणाला, "पुन्हा असं करू नकोस. त्याला अडवायचं होतं तर मला सांगायचंस. मी धक्क्यावर आडवा पडलो असतो. मुक्या जिवांना कशाला मारायचं?"

सुनेचा घासणारा हात थांबला. "तुम्ही ते माझ्यासाठी अंगावर घेतलंत?"

"मग कुणासाठी?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. उठून दार हलकेच लोटलं आणि परत येऊन त्याच्याजवळ बसली.

"मी नव्हते, बाबा. पहाटे तुम्ही फिरायला गेलात, तेव्हा मला जाग आली. हे टाकीपाशी उभे होते. एका हातात साबणाची बाटली, आणि दुसरा हात तोंडावर घट्ट दाबलेला, रडण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून."