चक्कीचा पट्टा

उद्योजक करंबेळकर आपल्या स्कूटरच्या नव्या शोरूमची फीत कापणार, इतक्यात खटावकरबाई रिक्षातून घरगुती पिठाची चक्की घेऊन उतरल्या.

"साहेब, तुमच्याच कंपनीची आहे. दुरुस्तीला कुठे देऊ?"

दुरुस्तीचं दुकान पूर्वी याच जागेत होतं. हॉटेल काढलं तेव्हा करंबेळकरांनी चक्कीचे निम्मे कारागीर तिकडे नेले, बाटलीबंद पाणी सुरू केल्यावर उरलेलेही. दोन्ही धंदे बुडाले. चक्क्या बनवणं कधी बंद झालं, हे त्यांना कळलंही नाही.

कोट काढून ते फरशीवर बसले आणि त्यांनी चक्की उघडली. आतला पट्टा तुटला होता. नवा द्यायला त्यांच्याकडे नव्हता.

"मग आता तुम्ही बनवता तरी काय?" बाईंनी सहज विचारलं.

करंबेळकर फरशीवरून उठले. पाहुण्यांना तिथेच सोडून त्यांनी चक्की परत रिक्षात ठेवली आणि स्वतःही शेजारी बसले.

"चला बाई, आधी बाजारात पट्टा शोधू."