सोनेरी पट्टे

भंगारवालाही ज्या प्लास्टिकच्या रिकाम्या पाकिटांना हात लावत नाही, ती घरोघर मागत फिरून सोसायटीतल्या दमयंतीला काय मिळणार होतं, हे कुमुदला कळेना. पाकिटं भरून घेतलेल्या पिशव्यांवर ती पुन्हा ज्याच्या त्याच्या फ्लॅटचा नंबरही लिही!

"फुकटात कोणी एवढं करत नाही. विकत असणार," ती नवऱ्याला म्हणाली.

"जाऊ दे गं, तेवढाच कचरा कमी," म्हणत तो दर रविवारी पिशवी स्वतः नेऊन देई. एरवी पाण्याचा पेलाही न उचलणारा माणूस!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दमयंतीने वाण म्हणून प्रत्येकीला एक आसन दिलं, जिच्या-तिच्या घरून आलेल्या पाकिटांच्या पट्ट्यांनी विणलेलं. कुमुदच्या आसनात दुधाच्या पिशव्यांचे पांढरे पट्टे होते आणि मधोमध भरगच्च सोनेरी.

"हे आमचं नव्हे. यांना शुगर आहे, आमच्याकडे गोड येतच नाही."

"तुमचंच हो. क्रीमच्या बिस्किटांचे एकवीस पुडे होते. भाऊजी किती स्वच्छ धुऊन देतात!"

दमयंतीला अखेर काहीच मिळालं नाही. कुमुदला आसन मिळालं. त्यावर बसून रोज सकाळी कारल्याचा रस पिणं नवऱ्याच्या वाट्याला आलं.