तांब्याभर पाणी

“पोलिसाला पाणी दिलंस?” भरल्या चावडीत माझ्या लेकानं, दौलतनं विचारलं.

“तहानला होता रे लेकरा,” म्हातारी सरूआत्या म्हणाली.

बेचाळीस साली गावानं इंग्रजांना झुगारून स्वतःचं राज्य मांडलं, तेव्हा याच दौलतनं विहीर वेशीबाहेरच्या वस्तीला खुली केली होती. “तहानलेल्याला जात विचारायची नाही,” म्हणाला होता. मी ओवाळलं होतं त्याला.

आज त्यानं, इंग्रजांच्या पोलिसाला पाणी पाजलं म्हणून, आत्याच्या पायांच्या तळव्यांवर वीस काठ्या मारायला सांगितल्या. बाराव्या काठीनंतर तिचा आवाजच आला नाही, तरी माणसं मोजत राहिली.

घरी येऊन तो भाकरी खायला बसला.

“आई, तो पोलीस आधी आपल्या दारात आला होता म्हणं?”

त्याला पहिला तांब्या मीच भरून दिला होता. चुलीपुढं बसल्या बसल्या मी तळवे लुगड्याखाली ओढून घेतले.